सुईने मिळालेले सहा आठवडे

वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर या पट्ट्यात कंबर आणि पाय धरून बसलेल्या माणसापुढे आज साधारण तीन वाटा ठेवल्या जातात. पहिली वाट गोळ्या आणि व्यायामाची, शेवटची ऑपरेशनची, आणि या दोहोंच्या मधली मणक्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याची. हे इंजेक्शन म्हणजे एपिड्यूरल. ते बहुधा एका आश्वासनासकट सुचवले जाते: कापाकापी नाही, सकाळी यायचे, संध्याकाळी घरी जायचे, आणि ऑपरेशन टळते. रुग्णाला यात दोन गोष्टी ऐकू येतात. एक, हे कंबरदुखीवरचे औषध आहे. दोन, हा ऑपरेशनचा पर्याय आहे. गेल्या तीस वर्षांतले पुरावे नीट पाहिले तर पहिली समजूत बहुतांश चुकीची ठरते आणि दुसरी अर्धवट. तरीही हे इंजेक्शन निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. एका विशिष्ट दुखण्यात ते काही आठवड्यांचा आराम मिळवून देते. त्या आठवड्यांचे रुग्ण, डॉक्टर आणि रुग्णाला कामावर ठेवणारा काय करतात यावर त्याची खरी किंमत ठरते, आणि नेमके हेच आपल्याकडे कोणी विचारत नाही.

आधी ते काम कसे करते ते पाहू. पाठीच्या कण्यातल्या नसांभोवती जे जाड आवरण असते, त्याच्या बाहेरच्या अरुंद पोकळीला एपिड्यूरल जागा म्हणतात. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कातलँ या दोन डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे माकडहाडाजवळच्या छिद्रातून या जागेत कोकेन सोडून दाखवले. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेत मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधली गादी फुटून नसेवर आल्याने सायटिका, म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी कळ, होतो हे मांडले आणि शल्यक्रियेचे युग सुरू झाले. स्टेरॉइड मणक्यात आले ते १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, इटली आणि फ्रान्समधून. नस नुसती दाबल्याने दुखते असे तोवर मानले जाई. पण १९९३ मध्ये स्वीडनमधल्या ओल्मार्कर आणि सहकाऱ्यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखवले की गादीतला मऊ गर नसेवर नुसता ठेवला, अजिबात दाब दिला नाही, तरी नसेचे काम बिघडते. फुटलेल्या गादीतून येणारी रसायने नसेला सूज आणतात. एमआरआयवर मोठा फुगवटा दिसूनही काहीजण धडधाकट का असतात आणि छोट्याशा तुकड्याने काहीजण रात्र-रात्र का तळमळतात, याचे बरेचसे उत्तर इथे आहे. स्टेरॉइड ही सूज उतरवते. ते गादी जागेवर नेत नाही, मणक्यांतले अंतर वाढवत नाही आणि झिजलेला सांधा भरून काढत नाही.

प्रत्यक्षात रुग्णाला पोटाखाली उशी देऊन पालथे झोपवतात, म्हणजे कंबरेची खळगी सपाट होते आणि मणक्यांमधल्या फटी उघडतात. कातडी भूल देऊन बधिर केली की सी-आर्म या क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर बघत बघत सुई पुढे सरकवली जाते. मधल्या मार्गाने जायचे असेल तर सुईच्या मागे लावलेल्या सिरिंजचा दट्ट्या डॉक्टर अंगठ्याने हलके दाबत राहतात. पिवळ्या चिवट अस्थिबंधात सुई असेपर्यंत दट्ट्या अडतो, ती पार झाली की अडथळा एकाएकी सरतो, आणि जागा सापडल्याची ती खूण. मग पडद्यावर दिसणारा रंगद्रव थोडासा सोडून तो नसेच्या कडेने पसरतो की रक्तवाहिनीत वाहून जातो हे पाहतात, आणि त्यानंतरच औषध. पडदा न वापरता नुसत्या हाताच्या अंदाजाने सुई घातली तर अनुभवी हातांतूनही ती बऱ्याचदा भलतीकडे जाते हे जुन्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून सी-आर्मशिवाय हे इंजेक्शन आज कोणी देऊ केले, तर रुग्णाने नम्रपणे नकार द्यावा.

आता पुराव्याकडे. १९९७ मध्ये कॅनडातल्या कारेत यांच्या गटाने गादी सरकून सायटिका झालेल्या १५८ जणांवर चाचणी केली. निम्म्यांना एपिड्यूरल स्टेरॉइड, निम्म्यांना मिठाचे पाणी. पहिल्या काही आठवड्यांत स्टेरॉइडवाल्यांचा पाय थोडा कमी दुखला. तीन महिन्यांनी फरक उरला नाही. वर्षभरात ऑपरेशनपर्यंत पोचण्याची शक्यता एका गटात २५.८ टक्के, दुसऱ्यात २४.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखीच. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या आर्डेन यांच्या २२८ रुग्णांच्या चाचणीत तिसऱ्या आठवड्यात फायदा दिसला आणि सहाव्या आठवड्यापर्यंत ओसरला. शिवाय एकापेक्षा अधिक इंजेक्शने दिल्याने पदरात जास्तीचे काही पडले नाही. तीन इंजेक्शनांचा ठरावीक ‘कोर्स’ अजूनही अनेक ठिकाणी आधीच बांधून दिला जातो, त्याला यातून आधार मिळत नाही. पहिल्याने गुण आला नाही तर दुसरे का, आणि गुण आला तर तिसरे कशाला, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या कोर्सकडे नाही. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने २५ चाचण्या आणि सुमारे अडीच हजार रुग्ण एकत्र धरून हिशेब केला. पायाची वेदना शंभरच्या मापावर सरासरी पाच गुणांनी कमी झाली, तीही थोड्या काळापुरती. पाच गुणांचा फरक बऱ्याच रुग्णांना जाणवणारही नाही.

हे सगळे आकडे पायात उतरणाऱ्या दुखण्याचे आहेत. नुसत्या कंबरदुखीत, म्हणजे जिथे कळ ढुंगणाखाली, पोटरीत, पावलात जात नाही, तिथे या इंजेक्शनाला आधारच नाही, कारण तिथे सुजलेली विशिष्ट नस सापडलेली नसते. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा कंबरदुखीला मणक्यातली इंजेक्शने देऊ नयेत असे स्पष्ट लिहिले. वयपरत्वे कण्याची नळी अरुंद होऊन चालताना पाय भरून येतात, त्या दुखण्यातही चित्र निराशाजनक आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत फ्रीडली यांच्या गटाने अशा ४०० रुग्णांना पडद्याखाली इंजेक्शन दिले, अर्ध्यांना भुलीच्या औषधात स्टेरॉइड मिसळून, अर्ध्यांना नुसती भूल. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. फरक दिसला तो एवढाच की स्टेरॉइड घेतलेल्यांच्या शरीरातले नैसर्गिक कॉर्टिसॉल खाली गेले. आपल्याकडे मात्र ‘मणक्यात गॅप आहे’ आणि ‘एल-फोर एल-फाइव्हची गादी सरकली’ या दोन निदानांखाली सगळ्या कंबरा एका रांगेत उभ्या केल्या जातात. २०१५ मध्ये ब्रिंजिकजी आणि सहकाऱ्यांनी कसलेही दुखणे नसलेल्या लोकांच्या स्कॅनचे अभ्यास एकत्र केले. विशीतल्या निरोगी माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांच्या. तेव्हा एमआरआयचा कागद घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सुई द्यायची तर निम्म्या शहराला द्यावी लागेल.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा येतो, आणि तो प्रामाणिक असतो. इंजेक्शनानंतर बरे झालेले लोक प्रत्येकाच्या ओळखीत असतात. डॉक्टरांच्या तर रोजच्या ओपीडीत असतात. ते खोटे बोलत नाहीत. पण सायटिका मुळात बऱ्याच अंशी आपणहून उतरणारा आजार आहे. सुटून बाहेर पडलेला गादीचा तुकडा शरीर हळूहळू शोषून घेते, आणि गंमत अशी की तुकडा जितका मोठा आणि सुटा, तितका तो विरघळण्याची शक्यता अधिक. २०१५ च्या एका आढाव्यात पूर्ण सुटे झालेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत आक्रसले, तर नुसते फुगवटे १३ टक्के. २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये पील यांच्या गटाने सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांपैकी निम्म्यांचे लवकर ऑपरेशन केले, निम्म्यांना थांबवले. थांबलेल्यांतल्या ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलेच, पण वर्षाअखेरीस दोन्ही गट सारखेच बरे होते. माणूस सुई घ्यायला जातो तो दुखणे शिगेला पोचल्यावर. त्यानंतर ते उतरते, आणि श्रेय सुईला जाते. यातला सुईचा वाटा किती आणि काळाचा किती, हे एका रुग्णाकडे पाहून सांगणे कोणालाच शक्य नाही, कितीही निष्णात डॉक्टर असला तरी.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. जुन्या चाचण्यांत पडदा वापरला नव्हता, औषध नसेपर्यंत पोचले की नाही ठाऊक नव्हते, नाना प्रकारचे रुग्ण एकत्र मोजले गेले; अशा सरासरीत खरा फायदा बुडून जातो, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. २००० साली अमेरिकेत र्‍यू यांनी ऑपरेशनच्या यादीतल्या ५५ रुग्णांना नसेच्या मुळाशी नेमके इंजेक्शन दिले. स्टेरॉइड मिळालेल्या २८ पैकी २० जणांनी ऑपरेशन टाळले, नुसती भूल मिळालेल्या २७ पैकी ९ जणांनी. फरक ठसठशीत आहे. पण ५५ माणसांवर धोरण उभे राहत नाही, आणि नंतरच्या मोठ्या चाचण्यांत इतका फरक पुन्हा ठामपणे दिसला नाही. आणखी एक बारकावा आहे. २०१३ च्या एका विश्लेषणात असे आढळले की एपिड्यूरल जागेत स्टेरॉइड नसलेले द्रव सोडले तरी काही फायदा होतो, बहुधा सूज आणणारी रसायने धुतली जातात म्हणून. तसे असेल तर मिठाचे पाणी हे पूर्ण निष्क्रिय सोंग ठरत नाही आणि स्टेरॉइडचा फायदा कागदावर प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो. हे मी मान्य करतो. मात्र त्यातून सिद्ध होते ते ‘सुईने थोडा आराम पडतो’ एवढेच. ‘स्टेरॉइडने आजार बरा होतो’ हे नव्हे.

ऑपरेशनच्या पर्यायाचा दावा तपासायला २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधली नर्व्हज ही चाचणी महत्त्वाची आहे. सहा आठवडे ते एक वर्ष सायटिका असलेल्या १६३ जणांना चिठ्ठी टाकून इंजेक्शन किंवा गादीचे ऑपरेशन दिले गेले. अठरा आठवड्यांनी दोन्ही गटांची हालचाल सारखीच सुधारली होती. गंभीर गुंतागुंत शल्यक्रियेच्या बाजूला झाली, इंजेक्शनाच्या बाजूला नाही, आणि खर्च इंजेक्शनाचा बराच कमी होता. म्हणजे ऑपरेशनकडे निघालेल्या माणसाला आधी सुई देऊन पाहणे शहाणपणाचे आहे. पण या चाचणीत ‘काहीच केले नाही’ असा तिसरा गट नव्हता, म्हणून दोन्ही बाजूंना काळानेही बरे केले असणार. शिवाय ज्याला अजून ऑपरेशनची गरजच नाही, त्याचे ऑपरेशन सुईने टळले असे म्हणता येत नाही. नवी मुंबईत ‘ऑपरेशनशिवाय इलाज’ ज्यांना विकला जातो, त्यांतल्या किती जणांना शल्यविशारदाने खरोखर ऑपरेशन सांगितले असते, हा हिशेब कोणी मांडत नाही.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने तीन महिन्यांहून जुन्या पाठदुखीत आणि नसदुखीत एपिड्यूरलविरुद्ध ठाम शिफारस केली. मग हे बंदच का करू नये? वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी या शिफारशीवर जोरदार हरकत घेतली. पण दोन्ही बाजूंच्या आवाजात एक शब्द हरवला, तो म्हणजे जुने. नाइसच्या २०१६ च्या सूचनांत नव्या आणि तीव्र सायटिकाला हे इंजेक्शन विचारात घ्यावे असे आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर विसंगती उरत नाही. सूज ताजी असते तेव्हा सूज उतरवणाऱ्या औषधाला काम असते. वर्षभर दुखून दुखणे मज्जासंस्थेत मुरले की त्या औषधाला फारसे काही उरत नाही. आपल्याकडची रीत मात्र नेमकी उलटी आहे. गोळ्या, मालिश, बेल्ट, गावचा हाडवैद्य यांत आठ-दहा महिने जातात आणि सुई सगळ्यात शेवटी येते, तिचा उपयोग ओसरल्यावर.

धोक्यांबद्दल बोलताना दोन टोके टाळली पाहिजेत. सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई दिली आणि तेव्हापासून कंबर गेली, असे घराघरांत मानले जाते, आणि त्या भीतीने काही बायका गरज असूनही इंजेक्शन नाकारतात. बाळंतपणात एपिड्यूरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांच्या चिठ्ठी टाकून केलेल्या तुलनेत दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळलेला नाही. दुसऱ्या टोकाला, ‘अगदी सेफ’ हे आश्वासनही खरे नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका औषध-मिश्रण कंपनीच्या बुरशीग्रस्त कुप्यांतून मणक्यात स्टेरॉइड घेतलेल्या लोकांना मेंदुज्वर झाला; सातशेहून अधिक बाधित, साठहून अधिक मृत्यू. तो दोष औषधाचा नव्हता, ते बनवणाऱ्यांचा होता. पण कण्याच्या इतक्या जवळ जाणाऱ्या प्रत्येक थेंबाचा हिशेब का लागतो ते त्यातून कळते. एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने क्वचित होणाऱ्या पण गंभीर परिणामांचा इशारा दिला: दृष्टी जाणे, पक्षाघात, मृत्यू. नसेच्या छिद्रातून जाताना कणदार स्टेरॉइड चुकून रोहिणीत शिरले तर त्याचे कण मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडवू शकतात. म्हणून त्या मार्गाने कण नसलेले डेक्सामेथासोन आधी वापरावे असे सांगितले जाते. कोणते औषध देणार, हे रुग्णाने विचारायला हरकत नाही. विचारल्याचा राग येणाऱ्या ठिकाणी थांबू नये.

आपल्या मातीतले दोन धोके मात्र पाश्चात्य सूचनांत जेमतेम येतात. पहिला मधुमेह. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि या इंजेक्शनानंतर साखर काही दिवस चांगलीच चढते. दुसरा क्षयरोग. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि मुंबई महानगराचा त्यात मोठा वाटा आहे. मणक्याचा क्षय सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो. संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ यांकडे दुर्लक्ष करून तिथे स्टेरॉइड सोडले, तर आग दाबली जाते आणि आतून पसरते. लघवी तुंबणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पाऊल लुळे पडणे ही लक्षणे तर सुईची नव्हेत, तातडीच्या ऑपरेशनची आहेत.

आता सुईने मिळणाऱ्या त्या सहा आठवड्यांकडे. नवी मुंबईत दोन प्रकारच्या पाठी प्रामुख्याने दुखतात. एक ऐरोली आणि महापेच्या कचेऱ्यांतली, दिवसाचे दहा तास खुर्चीत आणि उरलेले सायन-पनवेल महामार्गावर. तिला वेदना उतरताच चालायला, व्यायामाला, बसण्याची पद्धत बदलायला वेळ मिळू शकतो, निदान मागता येतो. दुसरी पाठ वाशीच्या बाजारसमितीतली. मसाला, धान्य, कांदा-बटाटा, फळे आणि भाजी या पाच बाजारांत साताऱ्या-सांगलीकडून आलेले माथाडी गोण्या उतरवतात आणि चढवतात. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांना मंडळ, नोंद, भविष्यनिर्वाह निधी दिला; मजुरी मात्र कामाच्या मापानेच राहिली. गोणी उचलली नाही त्या दिवशी कमाई नाही. अशा माणसाची कळ सुईने तीन आठवड्यांत उतरली, तर तो चौथ्या आठवड्यात टोळीत परतणार हे उघड आहे, आणि जखम भरण्याआधी त्याच पाठीवर पुन्हा वजन येणार. त्याच्या बाबतीत वेदना कमी होणे हेच धोक्याचे ठरू शकते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली. वाशीत ५० किलोहून जड गोणी उचलणार नाही, हा आग्रह माथाडींना वारंवार धरावा लागला आहे. माझ्या मते तो आग्रह हा मणक्याच्या उपचाराचाच भाग आहे, कुठल्याही इंजेक्शनाहून अधिक परिणामकारक, आणि त्याच्या पुराव्यासाठी कोणत्याही चिठ्ठी-चाचणीची गरज नाही.

म्हणून इंजेक्शन देताना डॉक्टरांनी चिठ्ठीवर आणखी दोन ओळी लिहाव्यात असे मी सुचवतो: किती दिवस जड ओझे नाही, आणि कोणाकडे कोणता व्यायाम. ‘विश्रांती घ्या’ या मोघम सल्ल्याचा माथाडीला उपयोग नाही. वजनाचा आकडा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी मुकादमाला आणि मंडळाला दाखवता येते. त्या काळात हलके काम किंवा काही भरपाई मिळायची सोय मंडळाने केली, तर सुईने मिळालेला वेळ पाठ सावरण्यात खर्ची पडेल. महापालिकेच्या वाशीच्या रुग्णालयात, कामगार विम्याच्या रुग्णालयात, नेरुळ आणि कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मणक्याचे रुग्ण रोज येतात. त्यांनी इंजेक्शन घेतलेल्या प्रत्येकाची नोंद एकाच नमुन्यात ठेवावी: पाय दुखत होता की कंबर, किती आठवड्यांपासून, कोणते औषध, सहा आठवड्यांनी आणि वर्षाने काय स्थिती. माथाडींच्या बाबतीत तर हे आणखी सोपे आहे. कोण कोणत्या महिन्यात किती कमावून गेला याची नोंद मंडळाच्या वहीत आधीपासून होतच असते; इंजेक्शनाची तारीख त्या नोंदीशेजारी लिहिली, की सुईनंतर माणूस कामावर टिकला की पुन्हा आडवा झाला, हे वाशीतच कळेल.